रविवारची गोळी

माझी मावशी औषधाच्या दुकानात बत्तीस वर्षं उभी आहे. उभी म्हणजे शब्दशः उभी. काउंटरमागे तिच्यासाठी उंच स्टूल आहे, पण त्यावर तिची पिशवी, चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली बसतात. औषधांचं शिक्षण झालंय ते मालकांचं. त्यांचं प्रमाणपत्र चौकटीत भिंतीवर आहे आणि ते स्वतः आतल्या खोलीत कंपन्यांच्या माणसांशी फोनवर भांडत असतात. चिठ्ठी मालकांनी तपासायची, गोळ्या मावशीने काढायच्या, बिल मी करायचं, अशी आमची वाटणी. लोक मात्र येतात ते मावशीकडे. गल्लीत तिला 'अर्धी डॉक्टर' म्हणतात. तिला ते आवडतं, फक्त ती कबूल करत नाही.

मी तिच्याच घरी राहते. माझी आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, गेली तेव्हापासून आम्ही दोघीच. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं मी एवढं मनाला का लावून घेतलं ते त्यात आलं. ती पडली तर उचलायला मी एकटी आहे आणि माझी पाठही काही फार कौतुकाची नाही.

आठवड्याला एकदा घ्यायची हाडांची गोळी न्यायला कुणी आलं की मावशी एका दमात म्हणायची, "रविवारी सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, ग्लासभर साधं पाणी, चहा नाही, दूध नाही, गोळी चावायची नाही, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर छातीत जळजळ होते." समोरची बाई मान डोलवायची, दारापर्यंत जायची आणि परत यायची. "दूध चालेल म्हणालात ना?" मावशी न चिडता पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. हा तिचा मोठेपणा आहे. मी असते तर बिलाच्या पाठीवर लिहून देऊन मोकळी झाले असते.

मागच्या हिवाळ्यात ती वरच्या फळीवरचा कापसाचा गठ्ठा काढायला दोन पायऱ्यांच्या शिडीवर चढली. उतरताना पडली ती खालच्या पायरीवरून. म्हणजे उंची म्हणाल तर दीड वीत. उजवं मनगट मोडलं. "हातात कापूस होता, तरी मोडलं," असं ती नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, जसं काही चूक कापसाची होती. सहा आठवडे प्लास्टर. ते निघाल्यावर डॉक्टरांनी हाडांची तपासणी करायला लावली. हाडं तिच्या वयाच्या मानानेही विरळ निघाली. उंचीही दोन बोटं कमी भरली. मग चिठ्ठीवर तीच गोळी आली, जिचा पाढा ती गेली कित्येक वर्षं लोकांना म्हणून दाखवत होती.

आता तुम्ही म्हणाल, हिला काय सांगायचं. मलाही तसंच वाटलं होतं. मावशीने स्वतःच्या हाताने पट्टी काढली, मी बिल केलं, मालकांनी सवलत दिली. घरी आल्यावर तिने ती पट्टी डबीत घातली आणि डबी फडताळात ठेवली. म्हणाली, "रविवारपासून."

पहिल्या रविवारी तिचं पोट ठीक नव्हतं. दुसऱ्या रविवारी उठल्या उठल्या चुकून चहा प्यायली. तिसऱ्या रविवारी पाहुणे येणार होते, त्यांच्यासमोर अर्धा तास खांबासारखं बसून राहायचं बरं दिसत नाही. चौथ्या रविवारी मी विचारलंच नाही, तर तीच म्हणाली, "तुला काही काळजी आहे का माझी?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे मी तिच्या तोंडावर म्हणाले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि खरं सांगते, ते दोन दिवस मला जरा विश्रांती मिळाली.

तिच्या भीतीमागे एक खण होता. काउंटरखाली डाव्या हाताला आमच्याकडे परतीचा खण आहे. लोकांनी परत आणलेली औषधं त्यात जातात. न फोडलेली पट्टी असेल तर मालक कधीतरी बदलून देतात. बाकीचं सगळं महिनाअखेरीला नष्ट करायला जातं. हा खण मावशीच्या ताब्यात. कोणतं औषध परत आलं, कुणी आणलं, काय म्हणालं, हे तिला तोंडपाठ. एका निवृत्त शिक्षिकेने याच गोळ्यांची अर्धी पट्टी परत आणली होती. तिची दाढ काढली होती आणि तीन महिने झाले तरी जखम भरत नव्हती. एका शिंप्याच्या बायकोची मांडी दुखत होती. आणखी चारपाच जणींना घशाशी जळजळ. एवढे पुरावे गोळा झाल्यावर मावशीने मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. रोगापेक्षा औषध भयंकर.

तिची चूक काय होती ते मला आता कळतं. औषधाच्या दुकानात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचीच चूक होती ती. ज्याला त्रास झाला तो पट्टी घेऊन परत येतो. ज्या बाईचं हाड गोळीमुळे शाबूत राहिलं ती काय सांगायला येणार? "मावशी, काल मी न्हाणीघरात घसरले आणि काही झालं नाही"? तिला स्वतःलाही ते गोळीमुळे हे ठाऊक नसतं. ती येते, पट्टी घेते, सुट्टे पैसे मोजते आणि जाते. अशा पंचवीस-तीस जणी दर महिन्याला मावशीच्या समोरून जात होत्या, आणि तिला दिसत होता तो खण.

शेवटी मी तिला डॉक्टरांकडे परत नेलं. गोळीसाठी नाही, भांडण मिटवायला. हाडांच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर गार झालेला चहा. मावशीने पट्टीबरोबर येणारा तो घडीचा कागद नेला होता, आठ घड्यांचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा. त्यावर लाल पेनाने खुणा केल्या होत्या.

"जबड्याचं खरं सांगा," मावशी म्हणाली.

"खरं आहे ते," डॉक्टर म्हणाल्या. "दात काढल्यावर कधी कधी जखम भरत नाही, आतलं हाड उघडं राहतं. पण आठवड्याच्या गोळीने हे फार क्वचित होतं. वर्षाला दहा हजारांत एखादीला, फार तर. म्हणून आधी दात दाखवून घ्या. जो काढायचा तो काढा, जखम भरू द्या, मग सुरू करा."

"आणि मांडीचं हाड?"

"तेही होतं. बरीच वर्षं घेत राहिलं तर एखादीचं. मांडीत किंवा जांघेत दुखायला लागलं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच मला सांगायचं. आणि पाच वर्षांनी आपण पुन्हा तपासू, गोळी अजून लागते का ते बघू."

"वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते?"

"तेही देता येईल."

"नको. एकदा आत गेलं की वर्षभर बाहेर काढता येत नाही. गोळी निदान पुढच्या आठवड्यात बंद करता येते."

"बंद केली तरी तीही हाडात काही वर्षं राहतेच, मावशी," डॉक्टर म्हणाल्या.

मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू ते औषध मीच शोधून काढलं होतं.

"आणि नाही घेतली तर?" मी विचारलं, कारण ती विचारणार नव्हती.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमच्या मावशींच्या वयाच्या, अशाच हाडांच्या, एकदा मनगट मोडलेल्या शंभर बायका धरा. काहीच केलं नाही तर दहा वर्षांत त्यातल्या पंचवीसेक जणींचं काहीतरी मोडतं. मणका, खांदा, खुबा. सगळ्यांनी गोळी घेतली तर पंधराएक जणींचं. हा माझा अंदाज आहे, वजनकाट्यावर मोजलेलं नाही."

"म्हणजे दहा जणींसाठी नव्वद जणींनी उगाच घ्यायची," मावशी म्हणाली.

"हो. आणि त्या दहा कोण, ते मला आधी सांगता येत नाही."

"परत काय येतं ते मला दिसतं. तुम्हाला नाही दिसत."

"खरंय," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्याकडे मोडलेल्याच येतात. मला जिकडेतिकडे मोडलेले खुबेच दिसतात. आपण दोघीही अर्धंच बघतो."

जिना उतरताना मावशी कठडा धरून थांबली. म्हणाली, "पोरगी खरं बोलते."

"मग घे की."

"खरं बोलते म्हणूनच भीती वाटते. थाप मारली असती तर हो म्हणून मोकळी झाले असते."

त्याच आठवड्यात, मला वाटतं मंगळवारी, टपालबाई दुकानात आल्या. त्यांचं खरं नाव बिलावर असतं, पण चाळीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं लावण्याचं काम केलं म्हणून सगळे त्यांना टपालबाईच म्हणतात. बारीक, ताठ, बोलणं मोजकं. त्यांनाही पहिल्यांदाच ती गोळी लिहून दिली होती. मावशीने पट्टी काढली, पाढा म्हटला. टपालबाईंनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "बरं असतं का हो हे?"

मावशी आवाज खाली आणून म्हणाली, "घ्या, डॉक्टरांनी दिलंय तर. पण जपून. जबड्याबिबड्याचं ऐकते मी इथे. मी असते तर दहादा विचार केला असता."

टपालबाईंनी मान हलवली, पट्टी पर्समध्ये ठेवली. मी बिल करत होते. मी ते ऐकलं. मागे गिऱ्हाइकांची रांग होती, माझं डोकं दुखत होतं, आणि मी काहीही बोलले नाही.

मग महिने गेले. मावशीने दात दाखवले. एक दाढ काढायला लागली. जखम पंधरा दिवसांत सुरेख भरली, तेव्हा ती थोडी निराशच झाली असं मला वाटलं. गोळीआधी करायची किडनीची तपासणी झाली, तीही चांगली निघाली. कॅल्शियम घेत होती, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालून येत होती, न्हाणीघरात रबरी चटई घातली. सगळं केलं, फक्त डबी उघडली नाही. मी बोलायचं सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतायचं? रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन मी इतकी थकले होते, की कधी कधी वाटायचं, मोडू दे एकदाचं काय ते. असं वाटलं की मग स्वतःचीच लाज वाटायची.

टपालबाई दर महिन्याला येत होत्या. एक पट्टी, चार गोळ्या, महिनाभराचं काम. मावशीने त्यांना परत काही सांगितलं नाही, त्यांनी परत काही विचारलं नाही.

आठव्या महिन्यात त्या आल्या नाहीत. त्यांचा मुलगा आला. दुपारची वेळ, दुकान रिकामं. त्याने काउंटरवर एक कापडी पिशवी उपडी केली. तीच गोळी, एकावर एक सात पट्ट्या. मावशीने सवयीने एकेक उचलून मुदतीची तारीख बघितली. अठ्ठावीस गोळ्या होत्या. एकीचीही चांदी फुटलेली नव्हती.

"आईच्या," मुलगा म्हणाला. "परत घेता येतील का? शालीच्या घडीत सापडल्या."

"घेतल्या नाहीत त्यांनी?" मावशीने विचारलं.

"एकही नाही. दर महिन्याला मी आठवण करून द्यायचो, ती आणायची. मला वाटायचं घेते. गेल्या पंधरवड्यात खुर्चीवरून उठताना पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, हाडांचं औषध चालू होतं का, तर मी छातीठोकपणे सांगितलं, हो, एकही रविवार चुकवलेला नाही." तो हसला, पण ते हसणं नव्हतं. "काल विचारलं तिला. म्हणाली, दुकानातल्या मावशींनी जपून राहायला सांगितलं होतं. तुमच्यावर फार विश्वास आहे तिचा."

तो हे बोलला त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मावशीने पट्ट्या पुन्हा पिशवीत भरल्या, एकसारख्या लावून, आणि पिशवी त्याच्या हातात दिली. "हे परत नाही घेता येणार," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवा. त्यांना खरं सांगा, की घेतल्याच नव्हत्या."

तो गेल्यावर तिने स्टुलावरची पिशवी आणि बाटली खाली ठेवली आणि बसली. मी तिला तिथे बसलेलं पहिल्यांदाच बघितलं. मला म्हणाली, "मी बोलले तेव्हा तू होतीस ना इथे?"

"होते."

"मग गप्प का बसलीस?"

कंटाळले होते, हे काय उत्तर झालं?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी टपालबाईंकडे गेलो. तळमजल्याची खोली, खिडकीला जाळी, पलंग भिंतीपासून ओढून मधे आणलेला, म्हणजे दोन्ही बाजूंनी उचलता यावं. कोपऱ्यात नवाकोरा वॉकर उभा, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. टपालबाई उशांना टेकून बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी केस सारखे केले. चेहरा अर्धा झाला होता.

मावशीने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मी त्या दिवशी तुमच्याशी चुकीचं बोलले."

"काय चुकीचं? होत नाही का जबड्याचं कुणाला?"

"होतं. फार क्वचित. ते क्वचित मी सांगितलं नाही. आणि न घेतल्याने काय होतं, तेही सांगितलं नाही."

"ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, सात महिन्यांत किती फरक पडला असता सांगता येत नाही," टपालबाई म्हणाल्या. "कदाचित घेऊनही मोडलं असतं. ते तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मावशीला एवढ्यावर सुटता आलं असतं. मला मनातून वाटलंही, की आता उठावं. तेवढ्यात टपालबाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः घेता का?"

"नाही," मावशी म्हणाली. "मलाही लिहून दिलीय. तुमच्या आधीपासून. डबीत पडून आहे. भीती वाटते मला."

टपालबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. आयुष्यभर पत्ते वाचलेली बाई ती. हलक्या आवाजात म्हणाल्या, "भीती होय. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मावशीची मान खाली गेली.

"भीती तर माझ्याकडे माझी होतीच," टपालबाई म्हणाल्या. "तीच घेऊन तर आले होते तुमच्याकडे."

थोड्या वेळाने मुलगा आला, त्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. मावशी आपसूक उठली, पलंगाच्या पलीकडे गेली आणि कमरेखाली हात घालून त्याला मदत करू लागली. टपालबाईंच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. तो आवाज मला अजून कधी कधी ऐकू येतो.

त्या रविवारी मावशीने गोळी घेतली. तेव्हापासून ती घेते, आणि सांगते तसं, घाबरत घेते. रात्री मांडी दुखली की दिवे लावून स्वतःचा पाय चाचपत बसते, दुसऱ्या दिवशी कळतं की जिने चढून दुखली होती. दुकानात कुणी "बरं असतं का हो हे?" विचारलं तर म्हणते, "मी घेते. मला भीती वाटते, तरी घेते. तुम्हाला काय वाटतं ते डॉक्टरांसमोर बोला, माझ्यासमोर नको." लोकांना हे उत्तर आवडत नाही. अर्धी डॉक्टर पूर्वीसारखी राहिली नाही म्हणतात.

दर गुरुवारी दुपारी ती टपालबाईंकडे जाऊन बसते. त्या आता वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जातात, त्यापलीकडे नाही. दोघींच्या गप्पा चांगल्या होतात, मुलगा सांगत होता. त्यांचं औषधही आता नियमित चालू आहे. फक्त ते तो पुढच्या चौकातल्या दुकानातून आणतो. आईने तसं सांगितलंय.